बाटलीवर नाव नाही

“पन दूध हाय कुणाचं?”

कुंडलिकआण्णांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. नारायणगावातल्या एका धर्मादाय रुग्णालयात, नवजात कक्षाच्या दाराशी ते उभे होते. हातात टोपी, पायांत रुग्णालयाच्या निळ्या रबरी सपाता. आत काचेच्या पेटीत त्यांची नात होती. काल जन्मलेली, सातवा महिना नुकता लागलेला असताना. वजन नऊशे ऐंशी ग्रॅम. आण्णांच्या ओंजळीत मावली असती.

“आईचं दूध आहे, दादा,” कक्षाची मुख्य परिचारिका ज्योत्स्ना म्हणाली. “दुसऱ्या एका आईनं दिलेलं. तपासलेलं, तापवून निर्जंतुक केलेलं. तुमच्या सूनबाईंना दूध यायला अजून चार-पाच दिवस लागतील. तोवर बाळाला दर दोन तासांनी एक मिली, नळीनं. चमचाभरसुद्धा नाही.”

“आई हाय ते कळलं. कंच्या घरची आई?”

बाळाचा बाप आदेश भिंतीला टेकून उभा होता. संमतीच्या कागदावर त्याची सही हवी होती. पेन हातात होतं. त्यानं वडिलांकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

कुंडलिकआण्णा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगायला हवं. मंचरच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या व्यवहारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. गावच्या शाळेला खोल्या बांधायला त्यांनीच रान दिलं होतं. सून हर्षाली हिला रक्तदाब वाढून झटके आले, तेव्हा स्वतः गाडी हाणत त्यांनी तिला इथं आणलं आणि डॉक्टरांपुढं हात जोडले, “माझी लेक हाय म्हना, पन वाचवा.” हर्षाली वाचली. शेजारच्या अतिदक्षता विभागात होती. आणि तोच माणूस आज नातीच्या पोटात एक थेंब जाऊ देत नव्हता!

“पावडर द्या की मंग,” ते म्हणाले.

“एवढ्या कच्च्या बाळांना पावडरनं आतडी सुजण्याचा धोका वाढतो. कधी कधी आतडं काळं पडतं, दादा. मी पाहिलंय ते. एकदा सुरू झालं की हातात फार काही राहत नाही.”

“आमच्या गोठ्यात चार म्हशी हायत.”

“म्हशीचं दूध रेडकासाठी असतं. बरं, मला सांगा, गोठ्यात व्यालेली म्हैस दगावली तर रेडकू दुसऱ्या म्हशीखाली लावता की नाही?”

“लावतो. पन म्हस लाथ मारती.”

“इथं आई लाथ मारत नाहीये, दादा. इथं आजोबा मारतायत.”

बाकड्यावर बसलेल्या दोन बायका खाली माना घालून हसल्या. आण्णांचा चेहरा लाल झाला. त्यांनी ज्योत्स्नाला वरून खालपर्यंत पाहिलं.

“तुमी कुनाच्या, बाई?”

“डिंभे धरणाकडच्या. माझ्या आज्यानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला. आणखी काय विचारायचंय?”

आण्णांनी आणखी काही विचारलं नाही. टोपी डोक्यावर घातली आणि आदेशला म्हणाले, “सही करायची न्हाई. सांगून ठेवतो.”

आदेशनं केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वस्त रखमाजी यांनी ज्योत्स्नाला कार्यालयात बोलावलं. रखमाजी गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

“सिस्टर, आण्णा रात्री घरी आलं व्हतं. आपल्या जवळचा मानूस. त्येला दुखवून कसं चालंल? दूध देनाऱ्या बायांची वही तुमच्या कपाटात असती ना? बगा त्यात. आण्णांच्या जातीतल्या एखाद्या बाईचं दूध असंल. तेवढ्या बाटल्यांवर बारीक खूण करा आन त्या पोरीला द्या. मानूस बी खूश, लेकरू बी जगंल. कुणाचं काय गेलं?”

ज्योत्स्ना रागानं पेटून उठली असती, पण प्रश्न तेवढा सोपा नव्हता. बाळ दोन दिवस नुसत्या सलाइनवर होतं. आतड्याला काम मिळालं नाही की ते आणखी कच्चं होतं. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, “सिस्टर, आज दूध सुरू व्हायला हवं होतं.” एक बारीक खूण केली की आज दुपारीच नळीतून दूध जाणार होतं. कुणाला कळणारही नव्हतं.

“मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या,” ती म्हणाली. तिचा चहा तसाच राहिला.

तो गुरुवार होता. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला ज्योत्स्ना आणि डॉक्टर संगणकासमोर बसत. नऊ रुग्णालयांचा तो गट होता. ब्राझीलमधलं एक, केनियातली दोन, नेपाळचं, पोर्तुगालचं, असे देशोदेशीचे लोक पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकटींत जमत. विषय एकच, दिवस भरण्याच्या कितीतरी आधी जन्मलेली बाळं जगवायची कशी. कुणाकडे महागडी यंत्रं होती, कुणाकडे वीजसुद्धा धड नव्हती. बाळाला उघड्या छातीशी बांधून ऊब द्यायची नीट पद्धत ज्योत्स्ना केनियाच्या परिचारिकांकडून शिकली. वीज गेल्यावर बारा बाळं उबेत कशी ठेवायची, हे पोर्तुगालचे डॉक्टर ज्योत्स्नाकडून शिकले होते. गटाचा एकच कडक नियम होता, आपल्या हातून झालेली चूक लपवायची नाही.

त्या दिवशी आपली पाळी आल्यावर ज्योत्स्नानं आकडे वाचलेच नाहीत. आपल्या तुटक इंग्रजीत तिनं सरळ विचारलं, “दूध देणाऱ्या आईची जात कोणती ते सांगा, असं बाळाचे आजोबा म्हणतात. विश्वस्त म्हणतात, बाटलीवर खूण करा. केली तर बाळाला आज दूध मिळेल. मी काय करू?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग ब्राझीलच्या चौकटीतली लुसिया पुढं झुकली. साठीला आलेली, पिकल्या कुरळ्या केसांची ती परिचारिका एरवी सगळ्यांना हसवायची.

“आमच्याकडे जात विचारत नव्हते,” ती म्हणाली. “रंग विचारायचे. वीस वर्षांपूर्वी मोठ्या घरचं एक बाळ आलं होतं. मला सांगितलं, गोऱ्या आईच्या बाटलीवर खूण कर. मी केली. त्या बाळाला दूध मिळालं. मग दुसऱ्या घरानं खुणेची बाटली मागितली, मग तिसऱ्या. बिनखुणेच्या बाटल्या शीतकपाटात पडून वाया गेल्या. काळ्या बायांना ते कळलं. त्या दूध द्यायच्या बंद झाल्या. का देतील? महिन्याभरात माझं कपाट रिकामं झालं आणि दोन बाळांना पावडर द्यावी लागली. त्यातलं एक गेलं. बहिणी, त्याचं नाव मला अजून पाठ आहे. तू खूण करू नकोस.”

केनियाचे डॉक्टर म्हणाले, “आमच्याकडे टोळी विचारतात. रोज.”

नेपाळची सिस्टर हलकेच म्हणाली, “आमच्याकडे तुमच्यासारखंच आहे, दीदी. अगदी तसंच.”

ज्योत्स्ना पडद्याकडे पाहत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, ही आपल्या मातीतली घाण आहे, बाहेरच्यांना काय दाखवायची. आणि इथं समुद्रापलीकडची एक बाई तिच्यासाठी आपली जुनी जखम उघडी करून बसली होती!

“पण मग बाळ?” ज्योत्स्नानं विचारलं.

लुसियानं उलट विचारलं, “बाळाची आई काय म्हणते?”

ज्योत्स्नानं डॉक्टरांकडे पाहिलं. आजोबांना विचारलं होतं, बापाला विचारलं होतं, विश्वस्तांनी सल्ला दिला होता. आईला कुणीच विचारलं नव्हतं! सकाळपर्यंत ती शुद्धीवर नव्हती हे खरं. पण दुपारपासून ती शुद्धीवर होती.

बैठक संपताच ज्योत्स्ना आधी रखमाजींकडे गेली. उभ्या उभ्याच म्हणाली, “वही मिळणार नाही. नाव कुणाला कळणार नाही, या माझ्या शब्दावर त्या बायांनी दूध दिलंय. कामावरून काढायचं असेल तर काढा. पण कपाटाची किल्ली मी जाताना डॉक्टरांच्या हातात देईन, तुमच्या नाही.”

“सिस्टर, जरा इचार करून बोला.”

“दिवसभर तोच केला, साहेब.”

आणि ती डॉक्टरांना सोबत घेऊन अतिदक्षता विभागात गेली.

हर्षाली उशीला टेकून पडली होती. ओठ सुकलेले, हाताला सलाइन. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, दोन प्रश्न विचारून ती नीट भानावर असल्याची खात्री केली. मग ज्योत्स्नानं मोबाइलवर बाळाचा फोटो दाखवला. हर्षाली बराच वेळ बघत राहिली. डोक्यावर लोकरीची टोपी, नाकाला हवेची नळी, आणि मुठी अशा आवळलेल्या की जणू भांडायलाच आली आहे.

“मला सगळे सांगतात, पोरगी बरी हाय,” हर्षाली म्हणाली. “पन कुणी डोळ्याला डोळा देत न्हाई. खरं सांगा ताई.”

ज्योत्स्नानं सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, काही रंगवलंही नाही. ऐकताना हर्षालीचे डोळे भरले नाहीत. उलट ते कोरडे आणि धारदार होत गेले.

“दोन दिवस झालं?” तिनं विचारलं. “दोन दिवस माझी पोर उपाशी हाय, आन बाहेर कुळी बगत्यात?”

“हो.”

“ज्या बाईनं दूध दिलंय तिचं लेकरू कसं हाय?”

असा प्रश्न ज्योत्स्नाला आजवर कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, “बरं आहे.”

“मंग कागद द्या.”

सलाइनच्या हातानं तिनं सही केली. अक्षरं वाकडी आली, ओळ सोडून खाली उतरली. पण नाव पुरं लिहिलं.

“आण्णा रागावतील,” ज्योत्स्ना म्हणाली.

“रागावू द्या. पोटात मी वाढिवली तिला.”

नळीतून पहिला एक मिली आत गेला, तेव्हा संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बातमी बाहेर पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कुंडलिकआण्णा तरातरा आले. मागून त्यांची बायको साळुबाई.

“सही कुणी केली?”

“हर्षालीनं,” आदेश म्हणाला. दोन दिवस भिंतीला टेकलेला तो माणूस आता भिंत सोडून उभा होता. “तिला उठून बसता येत न्हाई, तरी तिनं केली. मी धडधाकट आसून पेन खिशात घालून बसलो. लाज वाटली मला, आण्णा. आता मी बी केली.”

“मंग मला नात न्हाई!” आण्णा गरजले. “चल गं, साळू. गाडीत बस.”

साळुबाई जागच्या हलल्या नाहीत. पस्तीस वर्षं हा आवाज ऐकला की त्यांचे पाय आपोआप चालू लागायचे. आज त्यांनी पदर खोचला आणि बाकड्यावर बसल्या.

“तुमी जावा. गोठ्याचं बगा. मी हितं ऱ्हाते.”

“साळू!”

“ऐकू येतंय मला. वरडू नगा, आत लेकरं निजल्यात.”

आण्णा एकटे गेले.

पुढचे दिवस सोपे नव्हते. सहाव्या दिवशी बाळाचा श्वास मध्येच थांबला. यंत्र वाजू लागलं. ज्योत्स्नानं तळपायाला टिचकी मारून तिला जागं केलं. श्वास परत सुरू झाला. आण्णांनी फोनवर आदेशला ऐकवलं, “बग! त्या दुधानं झालं.” डॉक्टरांनी आदेशला शांतपणे समजावलं, की इतक्या लहान बाळांचा मेंदू श्वास घ्यायला विसरतो, दुधाचा त्यात काही संबंध नाही. पोट मऊ होतं. दूध पचत होतं. एकाचे दोन मिली झाले, दोनाचे चार.

पाचव्या दिवशी हर्षालीला स्वतःला दूध फुटलं होतं, पहिल्यांदा चार थेंब. दहाव्या दिवशी ती खुर्चीत बसून बाळाला छातीशी बांधू लागली. ती थकली की साळुबाई बसायच्या. बाराव्या दिवसापर्यंत हर्षालीला इतकं दूध येऊ लागलं, की बाळाचं भागून उरायचं. तिनं ज्योत्स्नाला न विचारताच उरलेलं बाटलीत भरून पुढं केलं.

“याच्या तपासण्या करा ताई. आन द्या कुणाला लागंल त्याला.”

साळुबाई बाजूलाच होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आन ते जानार कुणाच्या…” वाक्य तिथंच थांबलं. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. ज्योत्स्नाकडे बघून ओशाळं हसल्या. “नगं, नगं. सांगू नगा मला.”

सतराव्या दिवशी दुपारी कुंडलिकआण्णा आले. कुणाशी न बोलता काचेपाशी उभे राहिले. आत बारा पेट्या होत्या. आपली नात कोणती, ते त्यांना ओळखता येईना. सगळी बाळं सारखीच. सारख्याच टोप्या, सारख्याच नळ्या. ते एका पेटीवरून दुसरीवर नजर फिरवत राहिले. शेवटी हरले.

“शिस्टर,” ते म्हणाले, “आमची कंची?”

ज्योत्स्नानं बोट दाखवलं नाही. “हात धुवा, दादा. कोपरापर्यंत. आणि सदऱ्याची बटणं काढा.”

“आँ?”

“हर्षालीताई जेवायला गेल्यात. बाळाला छाती पाहिजे.”

आण्णांनी मुकाट्यानं हात धुतले. खुर्चीत बसले. ज्योत्स्नानं नळ्या सांभाळत बाळ उचललं, त्यांच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि कापडाची घडी त्यांच्या पाठीमागून घेऊन गाठ मारली. पंधरा दिवसांपूर्वी ज्या बाईला त्यांनी ‘तुमी कुनाच्या’ विचारलं होतं, तिचे हात त्यांच्या खांद्यावरून फिरत होते. आण्णांनी अंग आकसलं नाही. बाळाचं काळीज त्यांच्या छातीवर चिमणीसारखं धडधडत होतं.

“लई जोरात पळतंय,” ते घाबरून म्हणाले.

“तसंच असतं. ती जगायची घाई करतेय.”

थोड्या वेळानं आण्णा म्हणाले, “बाई, मी लई वंगाळ बोललो तुमास्नी.”

“बोललात खरे,” ज्योत्स्ना म्हणाली. तिनं ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही. “आता हलू नका. तासभर असंच बसायचं.”

ते तासभर हलले नाहीत.

दोन महिन्यांनी बाळ घरी गेलं. वजन दोन किलोला थोडं कमी. घरी गेल्यावरही हर्षाली उरलेलं दूध देत राहिली. बर्फाच्या डब्यात बाटल्या घालून आण्णा स्वतः आठवड्यातून दोनदा नारायणगावला आणून पोचवत. रखमाजींनी ज्योत्स्नाला कामावरून काढलं नाही. मात्र पुढं कधी त्यांनी तिला चहालाही बोलावलं नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी एका गुरुवारी पडद्यावर नेपाळची सिस्टर रडवेली दिसली. तिच्या कक्षात अकराशे ग्रॅमचा मुलगा होता. आई अत्यवस्थ. आजी दुसऱ्या जातीच्या बाईचं दूध द्यायला तयार नव्हती. डॉक्टरांचे सगळे तक्ते दाखवून झाले होते.

ज्योत्स्ना म्हणाली, “उद्या त्या आजींना पडद्यासमोर बसवा.”

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाच्या बाजूला साळुबाई बसल्या होत्या. मागं आण्णा, मांडीवर नात. पलीकडं सुरकुतलेल्या चेहऱ्याची, ओठ घट्ट मिटलेली आजी. साळुबाईंनी टीव्हीवर ऐकलेली सगळी हिंदी गोळा केली.

“देखो बाई, मैं बी आजी, तुम बी आजी. हमारे घर में बी येच झगडा हुआ. मेरे मालक बोले, दूध किसका? मैं बी मन में वोइच बोली, झूट नहीं बोलती. दो दिन पोरगी भूकी रही. वो पाप हमारे माथे पे है. तुम मत लो माथे पे.”

पलीकडच्या आजीची नजर आण्णांच्या मांडीवरच्या गुटगुटीत मुलीकडे गेली.

आण्णा मागून पुढं सरकले. “तिला सांग,” ते साळुबाईंना म्हणाले, “हा आजा बी आडवा आला व्हता म्हनावं. आता सरळ झालाय.”

साळुबाईंनी ते जमेल तसं सांगितलं. पलीकडं आजीच्या ओठांची घडी थोडी सैल झाली. तिनं नेपाळीत सिस्टरला काहीतरी विचारलं. सिस्टरनं डोळे पुसत भाषांतर केलं, “त्या विचारतात, सही कुठं करायची?”

ज्योत्स्नाच्या शेजारी डॉक्टरांनी टाळी वाजवली. आण्णांच्या मांडीवरची पोर दचकून रडू लागली, आणि त्या रडण्यानं दोन्ही देशांतल्या दोन्ही खोल्या हसल्या.

वाचकहो, दिवस भरण्याआधी जगात आलेल्या लेकरांसाठी आज पृथ्वीच्या चार कोपऱ्यांतली अनोळखी माणसं एकमेकांना आपलं ज्ञान देतात, आपल्या चुकासुद्धा देतात. ते सगळं ज्ञान डोंगर-समुद्र ओलांडून आपल्या दारापर्यंत येतं आणि आपल्या उंबऱ्यावर अडतं. का? तर आपण आडनाव विचारत बसलेले असतो म्हणून! औषधं येतील, यंत्रं येतील, पण हा आडमुठेपणा घालवायला कुणी परदेशातून येणार नाही. तो आपल्याच घरात, आपल्याच माणसांसमोर मोडावा लागेल. हर्षालीनं तो अंथरुणावर पडल्या जागेवरून, सलाइनच्या हातानं मोडला. आपण तर आपल्या पायांवर उभे आहोत!